गडग्यावरचं लग्न

मुलगी मुलापेक्षा बुटकी हवी, अंगाने नाजूक हवी, ही अट आमच्या माणगावात स्थळ सुचवणारी प्रत्येक बाई न विचारता घालते. विंचवांच्या वधूपरीक्षेत ती बसली असती तर एकही लग्न ठरलं नसतं. तिथे मादी थोराड, पोटाने भरलेली. नर सडसडीत, पुष्कळ जातींत फक्त शेपटीने लांब. एवढ्याशा शेपटीवर ऐट मिरवायची सवय इतर नरांतही असते म्हणा.

पण खात्रीची खूण पोटाखाली असते. पायांच्या शेवटच्या जोडीमागे दोन बारीक कंगवे असतात, नराचे लांब आणि जास्त दातांचे. जमिनीचा वास आणि पोत विंचू त्यांनीच चाचपतो. माझा भाचा प्राणिशास्त्र शिकतो. तो विंचू काचेच्या बरणीत ठेवतो, बरणी डोक्यावर धरतो आणि खालून दाते मोजतो. "आत्या, मुलगा आहे!" असं तो अशा आनंदाने ओरडला की शेजारच्या काकू पेढे विचारायला आल्या.

त्याच्याकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे. अतिनील उजेडात विंचू हिरवट चमकतो, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि वळवाचा पाऊस पडून गेल्यावर परसातल्या गडग्यावर बघणं वेगळं. जांभ्याच्या चिऱ्यावर दोन हिरवे ठिपके समोरासमोर उभे. "हलू नकोस," भाचा म्हणाला. मी कशाला हलते? पायात चप्पलही नव्हती.

नराने मादीचे चिमटे आपल्या चिमट्यांत धरले आणि तो उलटा चालू लागला. ती पुढे, तो मागे, मध्येच थांबून अंग थरथरवायचा. बाजारपेठेत क्लीनरच्या "येऊ दे, येऊ दे"वर टेम्पो मागे घ्यावा तशी ती वरात चिऱ्यावरून सरकत होती. तोंडाजवळचे इवलेसे चिमटे त्याने तिच्या चिमट्यांना लावले. हे चुंबनच, असं भाच्याचं म्हणणं. काही जातींत नर याच वेळी तिला हलकासा डंखही मारतो. लाडाची पद्धत ज्याची त्याची.

एवढी पायपीट कशासाठी, तर जागेसाठी. शेवाळ त्याला चालेना, माती चालेना. कंगव्यांनी चाचपत त्याने अखेर एक टणक, कोरडा तुकडा पसंत केला. तिथे नर वीर्याची काडीसारखी बारीक पुडी जमिनीला चिकटवतो आणि मादीला ओढून बरोबर तिच्यावर आणतो. मादी ती पोटाखालून आत घेते. फ्रान्समधला फाब्र नावाचा थोर कीटकवेडा रात्री जागून विंचवांच्या जोड्या बघत बसायचा, पण ही पुडी काही त्याला सापडली नाही. तिचा उलगडा व्हायला 1950चं दशक उजाडलं.

मग नर पळतो. आमचाही पळाला, थेट चिऱ्यांच्या फटीत. लग्नानंतर मादी नवऱ्याला खाते, असं लोक चवीने सांगतात. कधी कधी खातेही, पण बहुतेक नवरे सुखरूप सुटतात, आणि माझ्या मते तक्रार करायची तर ती इथे आहे. कारण पुढचं सगळं तिच्या एकटीवर. अंडी नाहीत, पिल्लं जिवंत जन्मतात. गर्भ काही महिने, काही जातींत वर्षाहून जास्त पोटात वाढतो. पांढरीफटक पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर बसून असतात. ती आईला खातात, हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि साफ खोटं आहे. आमच्या ह्यांची नोकरी बदलीची होती. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," असं हे प्रत्येक बदलीला हसत म्हणायचे आणि पुढे जाऊन रुजू व्हायचे. डबे, गाद्या आणि दोन मुलं घेऊन मी मागून एसटीने.

ब्राझीलमधल्या एका पिवळ्या विंचवाच्या माद्यांनी तर या भानगडीतून अंगच काढून घेतलंय. त्यांना नराशिवाय पिल्लं होतात. हे मी घरात जेवताना सांगितलं. कोणी काही बोललं नाही.

आता जरा गंभीर. नर असो की मादी, विष दोघांनाही असतं, आणि कोकणातला लाल विंचू जीव घेऊ शकतो. घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, मग हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरतं. शेजारच्या महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर या नवरा-बायकोने (इथे नवरा पळाला नाही) यावर उभी हयात घालवली. हिंमतरावांचा शोधनिबंध 1982मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी विंचूदंशावर वापरली. गंभीर रुग्णांत पूर्वी शंभरात तीस-चाळीस जण दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. 2022मध्ये हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा पेंढा, कौलं, लाकडं उचलताना हात घालण्याआधी काठी घाला, चप्पल झटकून पायात घाला. आणि चावलाच, तर नर होता की मादी याची चर्चा नको, विंचू उतरवणाऱ्याकडे जाणं नको. थेट सरकारी दवाखाना गाठा, आणि शनिवार-रविवार असेल तर महामार्गाची कोंडी धरून जरा लवकरच निघा.