उंदराला मधुमेही करण्याची सोपी कृती

नाशिकच्या एखाद्या फार्मसी कॉलेजात एम.फार्म.ला लागलात, गाइडनी ‘मधुमेहावर काहीतरी करा’ म्हणून ॲनिमल हाऊसकडे पिटाळलं, की ही कृती कामी येईल.

पूर्वतयारी : कॉलेजच्या प्राणी-नीती समितीची लेखी मंजुरी. आपल्याला मिसळीवर तिसऱ्यांदा तर्री ओतून घ्यायला कुणाची सही लागत नाही. उंदराच्या प्रत्येक घासाला लागते.

साहित्य (एक किलो खाद्यासाठी) : नेहमीच्या पेलेटची भुकटी ३६५ ग्रॅम, डुकराची चरबी ३१०, केसीन २५०, जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण ६०, कोलेस्टेरॉल १०, मेथिओनिन ३, यीस्ट आणि मीठ चवीपुरतं नव्हे, मोजून एकेक ग्रॅम. हे माप मोहालीच्या ‘नायपर’ या औषधनिर्माण-शिक्षण संस्थेतल्या संशोधकांनी २००५ साली छापलं. यात ५८ टक्के उष्मांक चरबीतून येतात. रविवार कारंजावरच्या वाण्याकडे यादी देऊ नये.

कृती :

१. दोन आठवडे हेच वाढा. उंदीर सुटेल, त्याचं शरीर इन्सुलिनला जुमानेनासं होईल. साखर मात्र बेताचीच चढेल, कारण स्वादुपिंड जादा इन्सुलिन सोडून वेळ मारून नेतं.

२. आता वजनाच्या किलोमागे ३५ मिलिग्रॅम स्ट्रेप्टोझोटोसिन टोचा. इन्सुलिन करणाऱ्या काही पेशी मरतात आणि साखर उसळते. साध्या खाद्यावरच्या उंदराला एवढ्या डोसानं फारसं काही होत नाही. मेख खाद्यात आहे.

३. उरलेलं खाद्य आणि पिंजऱ्याखालचा भुगा रोज तोला. नाहीतर सांडलेलंही खाल्लेल्यात धराल. खाद्य फ्रीजमध्ये ठेवा. चरबी खवट झाली की उंदीर तोंड लावत नाही.

४. तुलनेसाठी ठेवलेल्या कंट्रोल गटापुढे पोत्यातली पेलेट टाकून मोकळे होऊ नका. तिच्यात धान्य, सोया, कोंडा असतो आणि तो दर खेपेला बदलतो. मग फरक चरबीनं पडला की कोंड्यानं, हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. दोन्ही गटांना केसीन तेच, जीवनसत्त्वं तीच. कंट्रोलला चरबीच्या जागी फक्त स्टार्च.

टीप : पुणे आणि सिडनीच्या संशोधकांनी २०१५ साली ‘सेल मेटाबोलिझम’मध्ये ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांची हकीकत छापली. त्यांना स्ट्रेप्टोझोटोसिननं मधुमेह होण्याचा धोका आठपट होता. पुढे दोन पिढ्या पोटभर साधी पेलेट देऊनही दोष गेला नाही. तेव्हा प्रबंधात उंदराचं खाणं लिहाल, तिथे त्याच्या आजीचंही लिहा.