स्थळ चांगलं आहे, पण मिसळत नाही

सातारा-सांगलीकडं घरात कुत्रं आणायचं ठरलं, की मुलगी बघायचा कार्यक्रम परवडला अशी चौकशी होते. रंग काय? लहान मुलांत रमतं का? पाहुण्यांत मिसळतं का? या परीक्षेत लॅब्राडोर दरवर्षी पहिल्या वर्गात पास. न्यूफाउंडलंडच्या गारठ्यात कोळ्यांची जाळी ओढणाऱ्यांचा हा वंशज सांगलीत विश्रामबागेतल्या दुसऱ्या मजल्यावर, मे महिन्यात, जीभ बाहेर काढून फरशीवर पसरलेला असतो; आणि लोक कौतुकानं म्हणतात, ‘किती शांत आहे हो!’ हस्कीचं तर विचारूच नका. सैबेरियातल्या या जावयासाठी मार्चपासून एसी चालू. सासूबाई बाहेरच्या खोलीत पदरानं वारा घेतात.

आणि आमचा कारवान? आटपाडी, जत, माण, खटावच्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या भाकरी-ताकावर वाढलेला. उन्हाची तक्रार नाही, केस विंचरायचा खर्च नाही. तरी सल्ला देणारे मान हलवतात: ‘फॅमिली डॉग नव्हे तो.’

पहिली खोट, अंगानं भरत नाही. ही जात नजरेनं सावज हेरून त्यामागं धावणाऱ्यांची, सालुकी-ग्रेहाउंडच्या भावकीतली. खोल छाती, आवळलेलं पोट, दिसणाऱ्या फासळ्या ही तिची घडणच. पण हे साताऱ्याच्या काकूंना कोण सांगणार? त्या फाटकातूनच विचारतात, ‘अहो, मुक्या जिवाला खायला घालता का नाही?’ मालक ओशाळतो आणि तूपभात सुरू करतो. वर्षभरात कुत्रं पळायचं विसरतं. मग काकू म्हणतात, ‘आता कसं घरंदाज दिसतंय.’

दुसरी खोट, मिसळत नाही. परक्यानं अंगाला हात लावलेला याला खपत नाही. पाहुण्याकडं एकदा बघून घेतं, कोपऱ्यात जाऊन बसतं. इमान घरच्यांशी, बाकीच्यांशी रामराम तेवढा. हा दोष आमच्याच जिल्ह्यांत निघावा, जिथं ‘काय, बरं हाय का?’ या प्रश्नाला ‘हाय की’ याहून लांब उत्तर मिळायला निम्मं आयुष्य जातं! अर्थात, पाहुणा कुठल्या गटातून कुठल्या गटात गेला ते बघून शेपूट हलवायची ज्या घरांत रीत आहे, तिथं असलं कुत्रं परवडणार नाही, हे मान्य.

तिसरा आरोप मात्र खरा. सुटलं की पळतं आणि हाक ऐकत नाही. त्याला मोकळा माळ लागतो. माळावर आपण एनए प्लॉट पाडलेत. वन्यजीव संरक्षण कायद्यानं सशाची शिकारही बंद झाली. तेव्हापासून बिचारा बेरोजगार. निदान कागदोपत्री.

नावाचा तर सीमाप्रश्नच होऊन बसला आहे. इकडं कारवान, बागलकोटकडं मुधोळ. केनेल क्लबही दोन, त्यांच्या वह्यांत नावंही दोन. मुधोळचे संस्थानिक घोरपडे, म्हणजे आपलेच म्हणायचे. पण १९५६च्या राज्यपुनर्रचनेत मुधोळ म्हैसूर राज्यात गेलं आणि पाठोपाठ कुत्र्याचं श्रेयही गेलं. टपाल खात्यानं २००५ साली तिकीट काढलं ते ‘मुधोळ’ म्हणून. ऑगस्ट २०२०मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये नाव घेतलं, तेही मुधोळचंच. कर्नाटकानं तिम्मापूरला श्वान संशोधन केंद्र काढलं. आम्ही शर्यती काढल्या, आणि त्यावरून वादही.

बरं, लष्करानं २०१६ साली याची पिल्लं मेरठला प्रशिक्षणाला नेली. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथं पोरगा भरती झाल्याचं कळलं की संध्याकाळच्या आत दोन स्थळं सांगून येतात. या फौजीला सोसायटीच्या फाटकातून आत घ्यायलाही कुणी तयार नाही. परवा साताऱ्यात ओळखीच्या एका गृहस्थांनी मोठ्या अभिमानानं नवं कुत्रं दाखवलं. पांढरं, लोकरीचं, चपट्या नाकाचं, बाहेरच्या मुलखातलं.

‘फार माणसाळलेलं आहे,’ ते म्हणाले. ‘कोण आलं की लगेच मांडीवर बसतं.’

‘कुणाच्याही?’

‘कुणाच्याही! आमदारसाहेब येऊन गेले परवा, त्यांना तर सोडतच नव्हतं. मागच्या निवडणुकीत पडलेले आले, तर त्यांनाही तेवढंच.’