लाल त्रिकोण पेटला तर: नवशिक्यांसाठी कृती

साहित्य: 2004 ते 2009 या काळातली दुसऱ्या पिढीची एक प्रियस (दीड लाख मैल ओलांडलेली असेल तर पदार्थ लवकर होतो), ब्लूटूथवर चालणारा स्वस्तातला कोड-रीडर, फोन, मल्टिमीटर, दहा नंबरचा पाना, आणि रविवारची अशी दुपार की जेव्हा घरी पाहुणे नाहीत. भीती चवीपुरती.

पूर्वतयारी म्हणून गाडी रस्त्याच्या कडेला घ्या. एक लाल त्रिकोण, आत उद्गारचिन्ह. सोबतीला इंजिनाचा पिवळा दिवा, ब्रेकचा दिवा, घसरणाऱ्या गाडीचं चित्र, आणि मधल्या पडद्यावर गाडीच्याच पोटात आणखी एक उद्गारचिन्ह. दिवाळी आहे असं समजू नका. "हा कसला दिवा?" असं शेजारच्या सीटवरून विचारलं जाईल. "तो नेहमीच असतो" हे उत्तर देऊ नका. पुढच्या वीस मैलांत ते अंगाशी येतं. इथे न्यू जर्सीत एका गृहस्थांनी बरोबर त्या जागी गणपतीचा स्टिकर लावलेला मी पाहिला आहे. विघ्नहर्ता खरा, पण कडेने लाल उजेड झिरपत होता.

पायरी पहिली: कोड वाचा. स्टिअरिंगखाली, डाव्या गुडघ्याच्या वर, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत 1996 पासूनच्या प्रत्येक गाडीला ते सक्तीचं आहे, आणि ते दिसेल अशा जागी असावं हे मात्र सक्तीचं नाही. डोकं पेडलपाशी, पाय सीटवर, अशा आसनात ते सापडतं. रीडर खोचा. फोनवर पाच अक्षरांचा मंत्र येईल. पहिलं अक्षर पी असेल तर भानगड इंजिन, गिअरबॉक्स किंवा हायब्रिडच्या यंत्रणेत. सी असेल तर ब्रेक आणि स्टिअरिंगकडची. बी म्हणजे दारं-खिडक्या-एअरबॅग. आणि यू म्हणजे गाडीतल्या एका संगणकाचं दुसऱ्याशी बोलणं बंद आहे. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना शेवटचा समजावून सांगावा लागत नाही. पी-शून्य-ए अशी सुरुवात झाली तर प्रकरण हायब्रिडच्या विजेकडचं.

इथे नवशिके हमखास फसतात. स्वस्त रीडर बहुधा फक्त इंजिनाच्या संगणकाशी बोलतो आणि "एकही कोड नाही" असं छातीठोक सांगतो. हायब्रिडचा संगणक वेगळा, मोठ्या बॅटरीचा वेगळा, ब्रेकचा वेगळा. प्रत्येकाची तक्रारवही आपापली. म्हणून या गाड्या ओळखणारं अ‍ॅप घ्या. शिवाय काही कोडांच्या मागे तीन आकडी उपकोड असतो. पी0एए6 म्हणजे उच्च दाबाची वीज कुठेतरी गाडीच्या पत्र्याकडे गळते आहे. ती एसीतून, बॅटरीतून की गिअरबॉक्सातून, हे उपकोड सांगतो. तो न वाचता गॅरेजमध्ये जाणं म्हणजे डॉक्टरला "दुखतंय" एवढंच सांगून गप्प बसणं.

पायरी दुसरी, जी खरं तर पहिली होती, पण पहिली म्हणून सांगितली असती तर तुम्ही वाचलीच नसती: छोटी बॅटरी तपासा.

या गाडीत दोन बॅटऱ्या. मोठी मागच्या सीटच्या पाठीमागे: 28 मॉड्यूल, प्रत्येकात सहा सेल, मिळून 201.6 व्होल्ट. छोटी डिकीत उजव्या कोपऱ्यात, साधी 12 व्होल्टची. इंजिन फिरवण्याचं काम मोठी करते. छोटी फक्त संगणकांना जागं करते. त्यामुळे ती मरताना काही कळत नाही. बाकीच्या गाड्यांची बॅटरी जाण्याआधी आठवडाभर कण्हते, स्टार्टर घरघरतो, शेजाऱ्यांनाही समजतं. ही मात्र मुकाट्याने उतरते, अर्धवट जागे झालेले संगणक एकमेकांवर वाटेल ते आरोप करतात, आणि तुम्ही मोठ्या बॅटरीचं कोटेशन घेत बसता. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटरने 12.6 च्या आसपास दिसलं तर ठीक. 12 च्या खाली असेल तर बाकीच्या कोडांवर विश्वास ठेवू नका.

मल्टिमीटर नसेल तर एक विधी आहे. गाडी अर्धी चालू करा, पडद्याशेजारचं इन्फोचं बटण दाबून धरा, आणि ते तसंच धरून दुसऱ्या हाताने पार्किंगचे दिवे तीन वेळा लावा-विझवा, आचमन केल्यासारखे. पडद्यावर एक गुप्त पान उघडतं आणि त्यात खोलवर छोट्या बॅटरीचे व्होल्ट दिसतात. घरी नातेवाईक जमले असतील तेव्हा हे अवश्य करून दाखवावं. बाकी कशाने इतका मान मिळत नाही.

छोटी पूर्ण उतरली तर स्मार्ट चावीने दार उघडत नाही. चावीच्या पोटातली लोखंडी चावी काढून दार उघडाल, तर डिकी विजेवर चालते. डिकी उघडायला बॅटरी हवी, आणि बॅटरी डिकीत आहे. ही रचना ज्याने केली त्याच्याशी माझं वैर नाही, पण एकदा भेट व्हावी असं वाटतं. मार्ग आहे: बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समध्ये लाल टोपीखाली जंप देण्याची जागा असते. धन-ऋण उलटं लावू नका. तेवढ्या एका चुकीत इन्व्हर्टर जाऊ शकतो, आणि मग या कृतीचा उपयोग उरत नाही.

पायरी तिसरी: पी0ए80. याचा छापील अर्थच "हायब्रिड बॅटरी बदला" असा आहे, त्यामुळे लोक आज्ञाधारकपणे बदलतात. प्रत्यक्षात संगणक 28 मॉड्यूलांच्या 14 जोड्या मोजतो आणि एखादी जोडी बाकीच्यांच्या मागे पडू लागली की हा कोड लावतो. ती का मागे पडली, हे त्याला माहीत नाही आणि विचारायची त्याला सवयही नाही.

माझ्या गाडीला हा कोड जुलैत आला. अ‍ॅपमध्ये 14 खांब दिसत होते, सगळे पंधरा व्होल्टच्या आसपास. चढावर जोर दिला की सातवा मटकन खाली बसायचा. गॅरेजवाल्याने जो आकडा सांगितला त्यात तशीच आणखी एक जुनी गाडी आली असती. मी घरी येऊन मागच्या सीटशेजारची जाळी पाहिली. मोठ्या बॅटरीला थंड हवा देणारा पंखा तिथून, माणसं बसतात तिथूनच, हवा ओढतो. त्या जाळीला टेकून मी कित्येक महिने बासमतीची वीस पौंडांची पिशवी वाहिली होती. पंखा उघडला. पात्यांवर राखाडी लोकरीची रजाई, तीत तांदळाचे चार दाणे आणि एक बडीशेप. चूक शंभर टक्के माझी.

पंखा धुतला. मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवं चढलं होतं, तेही घासलं. दोन मॉड्यूल तरीही गेलेलीच होती. ती जुन्या बाजारातून आणून बसवली. गाडी पुढे चौदा महिने धावली, आणि मग तिसरं मॉड्यूल गेलं. एकाच वयाच्या 28 भावंडांतलं एक गेलं की बाकीची फार मागे राहत नाहीत.

इथे थट्टा बाजूला. नारिंगी रंगाच्या जाड वायरी दिसल्या की हात मागे घ्या. डिकीत डावीकडचा नारिंगी सर्व्हिस प्लग काढून, तो खिशात ठेवून, किमान दहा मिनिटं थांबल्याशिवाय आणि हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घातल्याशिवाय तिथे काही करायचं नाही. प्लग काढल्यावरही बॅटरीच्या आत जीवघेणी वीज उरतेच. ही भीती चवीपुरती नव्हे, पोटभर हवी. हे काम जाणणारा माणूस शेजारी नसेल तर पंख्यापर्यंत जाऊन थांबा.

पायरी चौथी: पी0ए93, म्हणजे इन्व्हर्टर गरम होतोय. गाडी चालू करून पडद्यावर "रेडी" दिसत असताना इन्व्हर्टरच्या कूलंटच्या टाकीत डोकावा. पाणी खळखळत असेल तर पंप जिवंत. तळ्यासारखं शांत असेल तर मेला. 2012 मध्ये कंपनीनेच हा पंप बदलून द्यायला गाड्या परत बोलावल्या होत्या.

टीप: कोड पुसणं सोपं असतं. 12 व्होल्टची वायर काढली की झालं. पण त्याबरोबर गाडीने स्वतःवर चालवलेल्या सगळ्या चाचण्याही पुसल्या जातात, आणि इन्स्पेक्शनच्या रांगेत यंत्र "चाचण्या अपुऱ्या" म्हणून परत पाठवतं. मग चार दिवस शहाण्यासारखी गाडी चालवून त्या पुन्हा भराव्या लागतात.

आता मुकुटमणी. मागच्या थंडीत रात्री अकराला एका मित्राचा फोन. गाडी महामार्गावर बंद, त्रिकोण पेटलेला, बॅटरी गेली, सगळं संपलं. "कोड वाच," म्हटलं. त्याने तीन वाचले: पी3190, पी3191, पी3193. पहिला म्हणजे इंजिनात जोर नाही, दुसरा म्हणजे इंजिन सुरूच होत नाही, तिसरा म्हणजे पेट्रोल संपलं.

"पण काट्यावर दोन खुणा दिसतायत!"

दिसणारच. अमेरिकेतल्या त्या प्रियसच्या टाकीत रबरी पिशवी असते. थंडीत ती आखडते आणि काटा आपल्या मनाने बोलतो. इंजिन बंद पडल्यावर हा पठ्ठ्या मैलभर विजेवर आलाही होता. मी कॅन घेऊन गेलो. तीन गॅलन ओतले, इंजिन थरथरून सुरू झालं. त्रिकोण तसाच.

"मग हा का जात नाही?"

मी डिकी उघडली, दहाचा पाना काढला आणि छोट्या बॅटरीचा नट अर्धा सैल केला. तेवढ्यात तो म्हणाला, "नीट घट्ट बसव हं, सोमवारी इन्स्पेक्शन आहे."