ठरलेल्या कुस्तीच्या तऱ्हा

कुस्तीचा असाही एक खेळ आहे, ज्यात कुस्ती दिसतच नाही. अॅडम रायलँड या इंग्रज गृहस्थाने रचलेल्या ‘टोटल एक्स्ट्रीम रेसलिंग’ या संगणकावरच्या खेळात आपण पैलवान नसतो, पैलवानांच्या कंपनीचे मालक असतो. पडद्यावर ना घाम, ना धूळ. नुसते तक्ते, आकडे आणि पगाराचे करार. कोणी कोणाला पाडायचं ते आपणच आधी ठरवायचं आणि मग ती ठरलेली कुस्ती लोकांना कितपत भावली याचे गुण वाचत बसायचं. रात्री आई खोलीत डोकावते, पडद्याकडे पाहते आणि विचारते, “ऑफिसचं काम घरी आणलंस का रे?” तिला नाही म्हणणं जड जातं.

कंपनी काढली की आधी तिची तऱ्हा ठरवायची. जुन्या आवृत्त्यांत, अगदी २०१६ च्या आवृत्तीपर्यंत, त्यासाठी रकान्यांची एक रांगच असे: ट्रॅडिशनल, मेनस्ट्रीम, कल्ट, रिअॅलिझम, हार्डकोअर, लुचा लिब्रे, कॉमेडी. प्रत्येकापुढे आपण मात्रा भरायची. पुढे २०२० च्या आवृत्तीत तयार साचे आले. सोय झाली खरी, पण आपल्या हाताने मीठ टाकण्यातली धाकधूक गेली. मी मात्र साच्यांपुढेही तितकाच वेळ रेंगाळतो, कारण त्या प्रत्येक नावामागे एकेक मुलूख उभा असतो. लुचा लिब्रे म्हटलं की मेक्सिकोचा मल्ल एल सांतो आठवतो; १९८४ साली त्याला मूठमाती दिली तीसुद्धा रुपेरी मुखवट्यासकट. हार्डकोअर म्हटलं की फिलाडेल्फियातला तो एरवी बिंगो चालणारा हॉल, तिथली मोडकी टेबलं, काटेरी तारा आणि २००१ मध्ये दिवाळ्यात बुडालेली ईसीडब्ल्यू ही कंपनी. जपानचा तर थांगच लागत नाही. अंतोनियो इनोकीने १९७२ मध्ये न्यू जपान कंपनी काढली, तिच्यातल्या लाथा नुसत्या पाहूनही बरगडी दुखावी. आणि त्याच देशात डीडीटी नावाच्या कंपनीत हवा भरलेली बाहुली गंभीर चेहऱ्याच्या मल्लांशी झुंजते, एक शिडीही तिथे विजेतेपद मिरवून गेली आहे.

या सगळ्यांत निकाल आधीच ठरलेला, हे प्रेक्षकालाही ठाऊक असतं. १९८९ साली व्हिन्स मॅकमहन यांच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कुस्ती कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या दरबारी सांगून टाकलं, की आमची कुस्ती म्हणजे करमणूक आहे, तिला खेळांचे नियम नि कर कशाला? धंद्यातलं एवढं मोठं गुपित फुटलं, ते चार पैसे वाचवण्यासाठी. तरी लोक येतच राहिले. रायलँडने हे नेमकं हेरलं आहे. त्याचा खेळ लबाडीचे गुण कापत नाही, शब्द मोडल्याचे कापतो. वास्तवाचा वसा घेतलेल्या कंपनीत विदूषक उतरवला की प्रेक्षक दगडी देवासारखे बसून राहतात. विनोदाच्या कंपनीत तोच विदूषक राजा ठरतो.

आणि इथेच माझा मालकपणा डळमळतो. लहानपणी आमच्याकडे डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते असत. त्यांवर उंची, वजन, छाती, दंड असं सगळं छापलेलं. पत्त्याचे कोपरे दुमडले, तरी त्यावरच्या हल्क होगनचा दंड कधी एका इंचानेही उतरला नाही. या खेळात आकडे उतरतात. वय झालेल्या मल्लाचा दम आधी कमी होतो, मग चपळाई, आणि आपण ते पोरक्या मुलाची प्रगतिपुस्तकं चाळावीत तसे महिन्यामागून महिने पाहत राहतो. काही तऱ्हांमध्ये गुण मिळतात ते कसबावर. तिथे असा म्हातारा दोन महिन्यांत नकोसा होतो. काहींत वजन असतं ते नावाला. तिथे त्याने दोरीवरून सावकाश पाय टाकून आत यावं, हात वर करावा, एक जुना डाव अर्धवट करावा, एवढ्यावर सभागृह दुमदुमतं.

तेव्हा अस्सल कुस्तीची कंपनी काढायचा बेत बाजूला ठेवून मी ही दुसरी तऱ्हा निवडतो. धंद्याला हीच बरी, असं कारण मी स्वतःला देतो. मॅकमहनसारखा मुरलेला मालकही सरकारदरबारी कराचंच कारण घेऊन गेला होता. मग माझ्यासारख्या कागदी मालकाने, एका म्हाताऱ्याला घरी पाठवायचं जिवावर आलं, हे कोणाला कशाला सांगावं?