बिनकाट्याचा काटा

पालीच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीला बोंबील सुकत असताना भाषाशास्त्र सुचावं, हा आमचाच दोष. तरी मराठीचं जाहीर अभिनंदन करणं भाग आहे. टोकदार वस्तूंसाठी शब्द उधळायचे सोडून तिने एका 'काट्या'वर संसार रेटला. बाभळीचा काटा, घड्याळाचा काटा, चमच्याशेजारचा काटा, थंडीत अंगावर येतो तो काटा आणि निवडणुकीत वाटेतून काढतात तो काटा. बोंबलाचा तर इतका मऊ की भाकरीसोबत चावून जातो, पण हुद्दा तोच.

पूर्वी तराजूच्या दांडीवर काटा डुलायचा, म्हणून अख्खा तराजूच 'काटा' झाला. आता इलेक्ट्रॉनिक यंत्रावर नुसते लाल आकडे. काटा कधीच निवृत्त झाला, नाव मात्र पदावर कायम. अशी सेवानिष्ठा सरकारी खात्यातही विरळाच. 2009 च्या वैधमापन कायद्याखाली या बिनकाट्याच्या काट्याची दरवर्षी पडताळणी होते, सीलही लागतं. हीच सवलत टोक मोडलेल्या पेन्सिलीला, धार गेलेल्या विळीला आणि (कठीण आहे, पण) आमच्यासारख्या टीकाकारांनाही मिळावी. बोथट झालो तरी वर्षाकाठी एक सील मारून 'टोकदार' म्हणावं.

हा ठराव मांडायला वाट्यावर मासळी विकणाऱ्या मावशीकडे गेलो. तिच्या पाटीजवळ यंत्र नव्हतं.

"मावशी, काटा नाही ठेवत?"

"माशात हाय ना एक. तो निदान ताटात दिसतो."