सिकंदर, दूध आणि अप्पामामा

हिंदुकुशापासून हिमालयापर्यंत जिथे जिथे डांबरी रस्ता संपतो, तिथे तिथे सिकंदराचे वंशज सुरू होतात. हिमाचलातल्या मलाण्यात ते आहेत, लडाखच्या दाह-हनूत आहेत, हुंझातही आहेत. इसवी सनापूर्वी 327 ते 325 एवढ्याशा अवधीत या माणसाने लढाया कधी केल्या, आणि खोऱ्याखोऱ्यांत सैनिक ठेवत गेल्यावर परत जायला त्याच्याबरोबर उरलं तरी कोण, हे त्याचं त्यालाच ठाऊक. या सगळ्या वंशजांत नाव मोठं ते पाकिस्तानातल्या चित्रालच्या कलाश लोकांचं. मे महिन्याच्या मध्यावर त्यांचा ‘चिलम जोशी’ हा वसंतोत्सव असतो. तो पाहायला आम्ही गेलो याचं सगळं श्रेय माझ्या बायकोच्या, म्हणजे शुभाच्या, अप्पामामांना.

अप्पामामांची उभी हयात इंग्लंडात टपाल खात्यात गेली. लख्ख गोरा रंग, घारे डोळे आणि पाकिटं फोडायला उपयोगी पडावं असं नाक. निवृत्तीनंतर त्यांनी इतिहास हाती घेतला आणि मग इतिहासाची काही धडगत राहिली नाही. कलाश हे सिकंदराचे वंशज, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात ग्रीक रक्ताचा पुरावा सापडला नाही, हे मी सांगून पाहिलं. “रक्त तपासून काय कळतं? नाक बघायला पाहिजे,” असं म्हणून त्यांनी मला गप्प केलं. उत्सवाचं नाव ऐकून “आडनाव तर आपल्यातलंच आहे” असंही ते म्हणाले, ते बहुधा विनोदाने.

आमचे पासपोर्ट ब्रिटिश आणि जन्म कोकणातले, त्यामुळे व्हिसा हाती येईपर्यंत ठरवलेला वसंत उलटून गेला. दुसरा आला, तेव्हा निघालो.

इस्लामाबादहून दीरपर्यंतचा प्रवास अप्पामामांनी खिडकीला नाक लावून केला. दीरच्या बाजारात एक निळ्या डोळ्यांचा पोरगा नान भाजत होता. मामा थेट तंदूरपाशी गेले, त्याचा पिठाचा हात हातात घेतला आणि गहिवरून विचारलं, “ग्रीक?” तो म्हणाला, “नहीं जी, पठान. कितने लाऊं?” सहा नान घ्यावे लागले.

पुढे लोवारी. पूर्वी चित्रालला जायचं तर 3,118 मीटर उंचीची लोवारी खिंड ओलांडावी लागे. हिवाळ्यात ती बर्फाने बुजली की चित्रालचे लोक अफगाणिस्तानातून वळसा घालून आपल्याच देशात येत. बोगद्याचं काम 1970 च्या दशकात सुरू झालं, थांबलं, विसरलं गेलं, पुन्हा निघालं आणि 2017 साली बोगदा वाहतुकीला खुला झाला. आपल्याकडच्या माणसाला यात नवल वाटण्यासारखं काही नाही. साडेआठ किलोमीटरचा तो अंधार संपेपर्यंत अप्पामामा मात्र नाराज होते. सिकंदर असा आला नव्हता, एवढंच ते बोलले.

अयून गावापासून जीप. कड्यात कोरलेला रस्ता, एका जीपच्या मापाचा. समोरून दुसरी जीप आली की दोन्ही चालक खाली उतरतात, एकमेकांच्या घरची खुशाली विचारतात आणि मग मागे कोणी जायचं ते ठरतं. या भागात कुटुंबं मोठी असतात. खुशाली संपेपर्यंत आमचं मागचं चाक नक्की कशावर टेकलंय, ते मी पाहिलं नाही. अप्पामामांनी पाहिलं आणि रामरक्षा सुरू केली.

आमच्या बरोबर एक शिपाईही होता. परदेशी पाहुण्यांना इथे पोलीस सोबत देतात. 2009 साली बंबुरेत खोऱ्यात काम करणारे ग्रीक शिक्षक अथानासिओस लेरुनिस यांना तालिबान्यांनी पळवून नेलं होतं, काही महिन्यांनी ते सुटले. ब्रून गावातलं ‘कलाशा दूर’ हे संग्रहालय आणि शाळा त्यांच्याच खटपटीतून, ग्रीक पैशांतून उभी राहिली. सिकंदर इथे आला असो वा नसो, ग्रीक मात्र आले, गवंडी घेऊन आले. आमच्या शिपायाने एका खांद्यावर बंदूक आणि दुसऱ्यावर शुभाची पर्स असा संपूर्ण उत्सव पार पाडला.

बंबुरेत, रुंबूर आणि बिरीर या तिन्ही खोऱ्यांत मिळून कलाश जेमतेम चार हजार. उत्सवाच्या दिवसांत यजमानांपेक्षा पाहुणे जास्त होतात. 1893 साली ड्यूरँड रेषा आखली गेली तेव्हा हे लोक चित्रालच्या मेहतराच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, बाजूला राहिले. पलीकडच्या त्यांच्या भाऊबंदांना अफगाणिस्तानच्या अमीर अब्दुर रहमानने पुढच्या दोन-तीन वर्षांत जिंकून मुसलमान केलं आणि काफिरिस्तानचं नूरिस्तान झालं. म्हणजे जगात हा उत्सव एवढ्या तीन घळींतच उरला आहे. तो पाहायला लाहोर, कराची, पेशावरहून माणसं गाड्या भरभरून येतात. अक्रोडाच्या झाडाखाली जिथे दोन शेळ्या उभ्या राहू शकतात, तिथे दोन मोटारी उभ्या असतात आणि शेळ्या त्यांच्या टपावर.

पहिला मान दुधाचा. या दिवसाला ‘चिरिक पिपी’ म्हणतात. त्याआधी कितीतरी दिवस गोठ्यांतलं दूध राखून ठेवलेलं असतं. भल्या पहाटे बायका-पोरं पिवळी रानफुलं आणि अक्रोडाच्या डहाळ्या घेऊन निघतात, घरांच्या चौकटी सजतात, गोठ्यागोठ्यांतून दुधाचं वाटप होतं. हिवाळ्यातून सगळे तरलो, जनावरं व्याली, घरात बाळं आली, याचा हा उत्सव. बाळंतिणींचे आणि तान्ह्या पोरांचे शुद्धीचे विधीही याच दिवसांतले. गंमत म्हणजे या वेळी प्रेक्षक जवळजवळ नसतात. नाच दुपारी आहे, हे त्यांनी हॉटेलात विचारून ठेवलेलं असतं. एका आजीने जर्मनच्या किटलीतून माझ्या पेल्यात दूध ओतलं. त्याला शेळीचा, धुराचा आणि किटलीचा असे तीन वास होते. अप्पामामांनी “मला दूध बाधतं” म्हणून पेला शिपायाला दिला, तो त्याने उभ्या उभ्या संपवला आणि दुसऱ्यासाठी पुढे केला.

मग अक्रोडाचं सारण भरलेली भाकरी आली. ती मात्र मामांना बाधली नाही.

त्या आजीच्या सुनेने शुभाला आपला शिरपेच हातात घेऊ दिला. लोकरीची रुंद पट्टी, कपाळावरून मागे पाठीवर रुळणारी, आणि तिच्यावर ओळीने शिवलेल्या कवड्या, मध्ये मणी, बटणं, घुंगरं. शुभाला तुळजापूरच्या भुत्यांच्या कवड्यांच्या माळा आठवल्या. समुद्र इथून हजार किलोमीटरच्या पुढे, आणि यांच्या डोक्यावर शेकड्याने कवड्या! शुभाने तो शिरपेच डोक्यावर ठेवून पाहिला आणि मान सावरत म्हणाली, “हे घालून या दिवसभर नाचतात?”

नाचतात. काळे घोळदार झगे, त्यांवर झगझगीत रंगांच्या लोकरीची भरतकामं, गळ्यात मण्यांच्या माळांचा ढीग. तिघी-चौघी एकमेकींच्या खांद्याकमरेवर हात टाकून ओळ धरतात आणि ओळ गिरक्या घेत सरकत राहते. मधोमध ढोल आणि काठ्या टेकून उभे राहिलेले म्हातारे. एखाद्याने पूर्वजांची जुनी कथा गाण्यात चांगली रंगवली की कोणी तरी पुढे होऊन त्याच्या टोपीत नोट खोचतं. टोपी पाहून गवयाचा दर्जा कळावा अशी सोय मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

भोवती मोबाइलांची भिंत. गिरकी घेताघेता एखादी मुलगी तळहात तोंडावर धरते, पण नाच थांबवत नाही. एक गृहस्थ ओळीच्या मध्ये घुसून आपल्या मित्राला “अब मेरी ले” म्हणून ओरडत होते. आमच्या शिपायाने त्यांना पर्स दाखवून हटवलं.

अप्पामामांनी इथे बाजारातून पकोल टोपी घेतली. मोराचं पीस खोवलेली. ती घालून ते भिंतीला टेकून बसले आणि थोड्याच वेळात लाहोरचं एक कुटुंब समोर येऊन उभं राहिलं. बाईंनी पोरांना सांगितलं, “देखो, कलाशी बाबा. आंखें देखो!” मामा घाईघाईने म्हणाले, “हम वो नहीं है, हम भी बघनेकू आया.” त्यांची ती हिंदी ऐकल्यावर तर ते कलाश असल्याची सगळ्यांची खात्रीच पटली. रांग लागली. एकाने नातू मांडीवर दिला, एकाने खांद्यावर हात टाकला, एकाने “सिकंदर के बारे में कुछ बताइए” अशी विनंती केली. ती मात्र मामांना टाळता आली नाही. पंधरा मिनिटं बोलले. मागे उभी असलेली दोन कलाश पोरं पोट धरून हसत होती. संध्याकाळपर्यंत मामा मोबाइल दिसला की त्या नाचणाऱ्या मुलींसारखाच तळहात तोंडावर धरू लागले.

रात्री त्यांना महानदेवाच्या देवस्थानाची माहिती मिळाली. लाकडात कोरलेली घोड्यांची डोकी असलेलं स्थान, आणि देवाचं नाव महानदेव. मामा बराच वेळ गप्प बसले. एका नाकावर दोन सिद्धांत बसवायचे म्हणजे अडचण होतीच. शेवटी घोडे सिकंदराचे आणि देव आपला, अशी त्यांनी वाटणी करून टाकली.

अखेरच्या दिवशी हातात अक्रोडाची पानं घेऊन सगळे कलाश जमतात, ती हलवत राहतात आणि मग एकदम उधळून देतात. त्या वेळी पाहुण्यांना मागे सारलं जातं, आणि ते योग्यच आहे. आम्हाला दिसली ती समोरच्यांची डोकी. ढोल ऐकू आला.

परतताना फाट्यावरच्या चौकीत नोंद करायची होती. तिथला पोलीस नवा होता. त्याने मामांचा ब्रिटिश पासपोर्ट उघडला. त्यात जन्मस्थान म्हणून नुसतं गावाचं नाव असतं. त्याने ते बोट ठेवून अक्षर-अक्षर वाचलं, मग पीस खोवलेल्या टोपीखालच्या घाऱ्या डोळ्यांकडे पाहिलं.

“गुहागर,” तो म्हणाला. “ये यूनान में है?”

अप्पामामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

“समुद्रकिनारे,” ते म्हणाले.

त्याने तसं लिहून घेतलं.