डोक्याचा विमा आणि हातातली हातोडी

लोकांच्या बीममध्ये किती सळया घालायच्या हे सांगून मी गेली सव्वीस वर्षं पोट भरतो आहे. पुण्यात कोथरूडमध्ये डहाणूकर कॉलनीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत माझं ऑफिस आहे. पाटीवर ‘स्ट्रक्चरल कन्सल्टंट’ लिहिल्यामुळे महिन्यातून एखादा माणूस तरी बाथरूमची गळती काढून मिळेल का, हे विचारायला आत येतो. भोकं आणि भेगा एवढं सोडलं तर आयुष्य तसं सुरळीत चाललं होतं.

विमा मी शहाणपणाने घेतला, असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाका. एका सरकारी कामाच्या टेंडरमध्ये ‘प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसीची प्रत जोडावी’ अशी अट होती, म्हणून घेतला. काम मिळालं नाही. पॉलिसी तेवढी गळ्यात राहिली. ती देणारा बायकोचा मावसभाऊ असल्यामुळे मोडताही येईना. प्रीमियम आणि वर 18 टक्के जीएसटी भरताना मी दरवर्षी कुरकुरतो आणि दरवर्षी तो मला तेच समजावतो. “दाजी, चूक 2009 सालची असली तरी दावा ज्या वर्षी येईल त्या वर्षी पॉलिसी चालू पाहिजे. मधेच खंड पाडलात तर मागचं सगळं उघडं पडतं.” थोडक्यात, इमारती उभ्या आहेत तोवर हप्ते. मी निवृत्त झालो तरी माझे कॉलम होत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी त्याने सुचवलं, “सोबत पब्लिक लायबिलिटीपण घेऊन टाका.”

इथे माझी विद्वत्ता उफाळून आली. मी म्हटलं, “अरे, तो 1991 चा कायदा. भोपाळच्या वायुकांडानंतर आला. घातक रसायनं हाताळणाऱ्यांना सक्तीचा. माझ्याकडे पेन्सिल आणि लॅपटॉप. घातक काय आहे माझ्या हातात?”

तो म्हणाला, “कायद्याची सक्ती त्यांना. पॉलिसी कुणालाही मिळते.”

आतून बायको म्हणाली, “तुझ्या हातात दिलेली कुठलीही वस्तू घातकच असते.” मी दुर्लक्ष केलं. पॉलिसी घेतली नाही.

आता मूळ प्रकरण. पौड रोडच्या आतल्या बाजूला 1984 सालची एक सोसायटी. तीन मजले, बारा बिऱ्हाडं आणि माणशी दोन मतं. आदर्श उपविधींनुसार इमारतीने तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. यांनी ते पहिल्यांदाच करायला घेतलं होतं, कारण रिडेव्हलपमेंटचा विषय निघाला होता. कोथरूडमध्ये ऑडिटर म्हणजे लग्नात पत्रिका बघणारा गुरुजी. अर्ध्या घरांना ‘इमारत धोकादायक’ असं ऐकायचं असतं आणि उरलेल्या अर्ध्यांना ‘ठणठणीत’. दोन्ही बाजूंनी चहा येतो. मी दोन्ही घेतो.

दुपारी सव्वादोनच्या सुमाराला मी गच्चीच्या कठड्यावरून वाकून बाहेरच्या बीमवर रिबाउंड हॅमर लावत होतो. किलोभराचं हे नळकांडं काँक्रीटवर दाबलं की आतला दांडा स्प्रिंगने आपटून मागे उसळतो. किती उसळला त्यावरून काँक्रीटची ताकद अजमावायची. मी दाबलं. तो उसळला. मीही दचकलो. आणि हॅमर गेला.

खालून ‘थप्प’ असा आवाज आला. वाकून पाहिलं तर करड्या कव्हरखाली एक गाडी शांत झोपलेली. कव्हरला रुपयाएवढं भोक. मला वाटलं, निभावलं. पळत खाली येऊन कव्हर उचललं. पुढच्या काचेवर डावीकडून उजवीकडे कोळ्याचं जाळं पसरलं होतं आणि माझ्या डोळ्यांदेखत एक तडा हळूच अजून दोन इंच पुढे सरकला.

गाडी ‘ठणठणीत’ गटाच्या पुढाऱ्याची. बँकेतून निवृत्त झालेले काका. त्यांनी काच पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “रीडिंग किती आलं?”

सेक्रेटरी ‘धोकादायक’ गटाचे. तेही पोचले होते. “चांदणी चौकातला पूल सहाशे किलो स्फोटकांनी पुरता पडेना, शेवटी मशिनं लावावी लागली. तुम्ही एका हातोडीत काम केलंत!” हे 2022 सालचं प्रकरण कोथरूडच्या माणसासमोर कोणीही, कधीही काढू शकतो.

मी अजिजीने म्हटलं, “काका, गाडीच्या विम्यातून काच बदलून मिळेल.”

“का? पाच वर्षं एक क्लेम न करता पन्नास टक्के नो क्लेम बोनसवर आलोय. तुमच्या हातोडीसाठी घालवू?”

मग मी रुबाबात मावसभावाला फोन लावला. एवढे हप्ते भरले, आता बघाच. तो शांतपणे ऐकत होता. “दाजी, तुमच्या पॉलिसीत तुमच्या व्यावसायिक सल्ल्यातली चूक आहे. बीम चुकीचा ठरवलात, रिपोर्टमध्ये भेग लिहायची राहिली आणि त्यातून कुणाचं नुकसान झालं, तर द्या माझ्याकडे. हातोडी हातातून सुटणं हा सल्ला नव्हे.”

“मी कामावर होतो!”

“डोकं कामावर होतं. सुटला हात. हाताचं दुसऱ्या, पब्लिक लायबिलिटीच्या पॉलिसीत येतं. आणि त्या पॉलिसीत डोक्याचं येत नाही, म्हणून दोन्ही लागतात. मी सांगितलं होतं.”

वर त्याने आणखी ऐकवलं, की ती पॉलिसी असती तरी काच एक्सेसमध्येच गेली असती, म्हणजे पहिला अमुक इतका तोटा ज्याचा त्याने सोसायचा. 9,400 रुपये मी रोख मोजले. काकांनी पावतीवर ‘हातोडीबाबत’ असं लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी वॉचमन सहज म्हणाला, “साहेब, बरं झालं इस्त्रीवाला आत गेला होता. रोज तिथंच गाडीला टेकून कपडे मोजतो.” तोवर मी ही गोष्ट सगळ्यांना हसत सांगत होतो. खाली दोरी बांधून रस्ता अडवायला हवा होता, ते मी केलेलं नव्हतं.

आपल्यावर कोण कोण दावा करू शकतं, हे वकील मित्राला विचारलं. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना ग्राहक संरक्षण कायद्यातून बाहेर ठेवलं, ही बातमी त्याने मला तिसऱ्यांदा सांगितली. डॉक्टर 1995 पासून आत आहेत. आम्हा इंजिनिअरांवर अशी कृपा कुणी केलेली नाही.

तेव्हा विचाराल तर माझं मत असं: नुसतं ऑफिसात बसून आकडे मोडणाऱ्याने डोक्याचा विमा आधी घ्यावा, पण जो साइटवर जातो, गच्चीवर चढतो, ज्याच्या ऑफिसच्या पायरीवरून अशील घसरू शकतो, त्याने हातापायाचाही घ्यावा. काचेसाठी नव्हे, इस्त्रीवाल्यासाठी.

मी घेतला. अर्जात ‘यापूर्वी त्रयस्थाचे नुकसान झाले आहे काय’ असा रकाना होता. ‘होय, एकदा’ असं लिहिलं. हॅमरला मनगटात अडकवायची दोरी लावली आहे. ती चाळीस रुपयांना मिळाली.